कानाडोळा

आम्ही कोल्हापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. इतिहास आणि मराठी हे आमचे विषय, पण गॅदरिंग जवळ आलं की नाटकही आमच्याच गळ्यात पडतं. बी.एड.ला नाट्यीकरण पद्धतीचा एक पाठ घेतला होता, त्याचीच ही शिक्षा, असं शाळेतले सहकारी गमतीनं म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सातवीच्या मुलांना घेऊन ‘अलिफ लैला’तली बगदादच्या हमालाची गोष्ट बसवायला घेतली. वाचकांना ती आठवत असेल. एका घरात राहणाऱ्या बायकांचं सामान घेऊन हमाल येतो, मागोमाग दाढी-भुवया भादरलेले तीन कलंदर येतात, आणि तिघेही एका डोळ्यानं आंधळे! मग वेष बदललेला खलिफा हारून रशीद वजिरासह दारात उभा राहतो आणि प्रत्येक कलंदर आपला डोळा कसा गेला ते सांगतो. मराठीत एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी या गोष्टी आणल्या. आम्ही त्या आधी दादीकडून ऐकल्या आणि मग वाचल्या.

वर्गात एक मुलगा होता. लहानपणी विटी लागून त्याचा डावा डोळा गेलेला. पात्रं वाटताना आमची नजर त्याच्यावर गेली आणि आम्ही बोलून गेलो, “तू कलंदर. तुझ्या मेकअपचा खर्च वाचला.” वर्ग हसला. तोही हसला. तो हसला म्हणून आम्हाला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची आई शाळेच्या फाटकात उभी होती. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळू आवाजात म्हणाली, “सर, घर में उसकू हम वो नाम से कब्बी बुलाए नै. उने बोलता, अब सर बी बोले.”

आम्ही ‘काणा’ हा शब्द उच्चारला नव्हता. पण मुलानं तो बरोबर ऐकला होता.

त्या रात्री झोप आली नाही. ही गंमत आमच्या तोंडी आली कुठून, याचा शोध घेऊ लागलो, तेव्हा लक्षात आलं की ती फार जुनी आहे आणि आम्ही ती फुकट मिळवलेली आहे.

लहानपणी आमच्या मोहल्ल्यात एक कल्हईवाला यायचा. भाता, कोळसा, नवसागराचा तो धूर अजून नाकात आहे. निखारा उडून त्याचा एक डोळा गेला होता. त्याच सुमारास दादीकडून आम्ही दज्जालची हकीकत ऐकली होती. कयामतीआधी येणारा, एका डोळ्याचा, लोकांना फसवणारा. मग काय, कल्हईवाला दिसला की आम्ही सगळी पोरं “दज्जाल आया” म्हणून पळत सुटायचो. एकदा दादीनं ऐकलं आणि कान पिळला. म्हणाली, “दज्जालकू उसके झूट से पैचानते. ये बिचारा तो अपना बर्तन सच्ची चमकाता.” कान दुखला तेवढा आठवतो, बोलणं मात्र आम्ही विसरलो.

पण हीच दादी दूरदर्शनवर जुना सिनेमा लागला आणि ललिता पवार पडद्यावर आल्या की बोटं मोडायची. “देखो, आँख देखो उसकी!” त्या बारीक झालेल्या डाव्या डोळ्यामागची हकीकत आम्हाला पुष्कळ उशिरा कळली. १९४२ साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणात थप्पड फार जोरात लागली, चेहऱ्याला पक्षाघात झाला, काही वर्षं उपचारांत गेली आणि डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिका गेल्या. पुढं त्या खाष्ट सासू झाल्या, दूरदर्शनच्या ‘रामायण’मध्ये मंथरा झाल्या. त्यांचा अभिनय थोर होता यात शंका नाही. पण आपण प्रेक्षकांनी काय केलं? एका बाईच्या दुखापतीला दुष्टपणाची खूण मानलं. खरं तर १९५९ च्या ‘अनाडी’त मिसेस डिसा झालेल्या ललिता पवार पाहाव्यात. वरून फणकारा, आतून माया. त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. तिथं त्याच डोळ्यातून आई दिसते. डोळा तोच होता, फक्त काम वेगळं मिळालं होतं.

आमच्या गावाला सिनेमाचा अभिमान आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथंच, कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिथं व्ही. शांताराम यांनी १९३४ साली ‘अमृतमंथन’ काढला. त्यात क्रूर राजगुरूचा एकच डोळा अख्खा पडदा व्यापतो. मराठीत ती भूमिका केशवराव दात्यांची, हिंदीत चंद्रमोहन यांची. भीती दाखवायची तर दोन डोळ्यांपेक्षा एक डोळा पुरतो, हे आमच्या गावच्या माणसानं ओळखलं होतं. पुढं १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’च्या वेळी बैलाशी झुंजीचं दृश्य घेताना त्यांच्याच डोळ्यांना इजा झाली आणि काही काळ पट्टी बांधून अंधारात पडून राहावं लागलं. त्या अंधारात दिसलेल्या रंगांतून ‘नवरंग’ सुचला, असं त्यांनीच सांगितलं आहे.

मराठीच्या तासाला आम्ही ‘झारीतील शुक्राचार्य’ हा वाक्प्रचार शिकवतो. अर्थ लिहून देतो: चांगल्या कामात आडवा येणारा माणूस. पण कथा काय आहे? बळीराजा वामनाला दान द्यायला निघाला. यात शिष्याचा घात आहे हे गुरूनं ओळखलं आणि पाणी पडू नये म्हणून तो झारीच्या तोटीत जाऊन बसला. दर्भाची काडी आत गेली आणि त्याचा डोळा फुटला. शिष्यासाठी डोळा गमावणारा दुसरा गुरू आम्हाला तरी माहीत नाही. आम्ही तर शिष्याच्याच डोळ्यावर विनोद केला!

दोन्ही भाषांत शिकवत असल्यामुळं आणखी एक गंमत कळली. मराठीत ‘कानाडोळा करणे’ म्हणजे दिसत असून न पाहणे. हाच शब्द ‘काणाडोळा’ असाही लिहितात. दोन डोळे शाबूत असलेल्यांचा हा दोष, पण तो आपण काण्याच्या नावावर लिहून टाकला आहे. उर्दूत मात्र ‘सबको एक आँख से देखना’ म्हणजे सर्वांना समान लेखणे. महाराजा रणजितसिंगांचा डावा डोळा देवीच्या साथीत लहानपणीच गेला होता. सगळ्या धर्मांकडं एकाच नजरेनं पाहावं म्हणून देवानं आपल्याला एकच डोळा ठेवला, असं ते म्हणत, अशी आख्यायिका आहे. त्यांचे परराष्ट्र व्यवहार पाहणारे फकीर अझीझुद्दीन होते, यावरून ती पटायला हरकत नाही.

सकाळी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. माफी मागायची तर वर्गात मागायला हवी, कारण चूक वर्गात झाली होती, हेही ठरवलं होतं. जाताना त्याच्यासाठी मन्सूर अली खान पतौडींची हकीकत घोकून ठेवली होती. १९६१ साली इंग्लंडमध्ये मोटार अपघातात उजवा डोळा निकामी झाला, सहा महिन्यांच्या आत कसोटी खेळले, १९६२ मध्ये एकविसाव्या वर्षी भारताचे कर्णधार झाले. मुलानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, मेरेकू क्रिकेट नै आता.”

आम्ही गप्प झालो. मग विचारलं, “नाटकात तुला काय व्हायचंय?” आम्हाला वाटलं, खलिफा म्हणेल. तो म्हणाला, “हमाल. उसके डायलॉग ज्यादा हैं. मैं गिना.”

वर्गात माफी मागितली. मुलं अवघडली, आम्ही त्याहून जास्त. मग हमाल त्याला दिला आणि दोन डोळ्यांच्या तिघांना काळ्या पट्ट्या बांधून कलंदर केलं. आता सगळं मार्गी लागलं असं आम्हाला वाटलं.

तालमीत हमाल तीनदा चुकला. डाव्या बाजूच्या पडद्याआडून आम्ही हातानं खूण करायचो आणि तो पुढं बघत तसाच उभा राहायचा. तिसऱ्यांदा आम्ही ओरडलो, “लक्ष कुठं आहे?” तेव्हा डाव्या डोळ्यावर पट्टी बांधलेला एक कलंदर म्हणाला, “सर, इससे उदर का कुच दिखताच नै. उसकू बी नै दिखता होएंगा.”

ते पोर तासभर पट्टी बांधून उभं होतं, म्हणून त्याला कळलं. आम्ही मात्र हमालाला वर्षभर शिकवत होतो. वर्गात त्याचा बाक उजव्या टोकाला, खिडकीशी होता. तिथून फळा त्याच्या डाव्या अंगाला यायचा. फळा दिसावा म्हणून तो सगळं अंग वळवून बसायचा आणि आम्ही रोज त्याला दटावायचो, “सीधा बैठो.” त्यानं कधी उलट सांगितलं नाही. आम्ही कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा बाक डाव्या टोकाला हलवला. तो सरळ बसला. गॅदरिंगला आम्ही उजव्या बाजूच्या पडद्याआड उभे राहिलो. हमाल एकदाही चुकला नाही आणि त्याच्या विनोदांना लोक पोट धरून हसले. त्याची आई बायकांच्या रांगेत मागं बसली होती. तीही हसत होती.

तो आता नववीत आहे. जूनमध्ये नवा वर्ग हाती आला की आम्ही हजेरी घेण्याआधी मुलांना त्यांच्या बाकांवर बसवतो आणि प्रत्येकाच्या शेजारी जाऊन एकच विचारतो, “यहाँ से दिखता क्या?”