बावीस यार्डांचं गणित

तुमच्यापैकी जे नगरचे आहेत त्यांना सावेडीतला पाइपलाइन रोड सांगायला नको. (गावाचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण तोंडात अजून 'नगर'च येतं, काय करणार!) दोन्ही बाजूंना घरं, दुकानं, क्लासेस, भाजीच्या गाड्या आणि मधून वाहनांची ही रीघ! मी तिथंच राहतो. संध्याकाळी दह्यासाठी पलीकडे जायचं म्हणजे मोहीमच.

आमच्या शेजारच्या आजींनी एकदा विचारलं, "काय रे, स्कूटर चांगली लांब दिसते म्हणून मी पाऊल टाकते, आणि मधे पोचते तोवर ती अंगावर! असं कसं?"

प्रश्न अगदी रास्त. त्यांचा नववीतला नातू क्रिकेटवेडा, म्हणून आम्ही क्रिकेटच्या पिचवर गणित मांडलं. पिच असतं २२ यार्डांचं, म्हणजे साधारण २० मीटर. ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात १० मीटर जाते. समोर कुणी दिसलं तरी ब्रेक दाबेपर्यंत चालकाचा एखादा सेकंद जातोच. तिथं १० मीटर संपले! मग ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी ७ मीटर. एकूण १७. गाडी पिचच्या आत थांबली.

आता वेग करा ५४. पहिल्या सेकंदातच १५ मीटर गेले, आणि ब्रेक लागल्यावर आणखी १६. म्हणजे ३१ मीटर! वेग दीडपट झाला, पण ब्रेकनंतरचं अंतर सव्वादोनपट झालं, कारण ते वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. आणि खरी भीती पुढेच आहे. जिथं पहिली गाडी थांबून उभी राहिली, तिथून ही दुसरी जाते तेव्हा तिचा वेग अजून ५० च्या आसपास असतो. नातू गप्पच झाला.

आजींना रस्ता ओलांडायला १५ सेकंद लागतात, मी घड्याळ लावून पाहिलंय. तेवढ्यात ५४ च्या वेगाची गाडी २२५ मीटर कापते. इतक्या लांबून तिचा वेग डोळ्यांना कळतच नाही. लहान मुलांना तर त्याहून नाही. त्यात कडेला टेम्पो उभा असला की त्याच्या आडून निघालेलं पोर चालकाला दिसतच नाही. म्हणून टेम्पोपासून दूर जाऊन ओलांडा. दुसरी वाटच नसेल तर टेम्पोच्या कडेशी थांबून, डोकावून, दोन्हीकडे पाहा.

तुम्ही दिंडी पाहिली आहे ना? त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी नगरवरूनच पंढरपूरला जाते. पुढे भगवी पताका, मागे माणसांची रांग. लांबूनच दिसते, आणि गाड्या आपोआप हळू होतात. आता क्लास सुटला की आमच्या गल्लीतली मुलं घोळका करून, पुढच्यानं हात वर करून रस्ता ओलांडतात. आजीही त्यांच्यात असतात. परवा एका टेम्पोवाल्यानं थांबून त्यांना हात जोडले, तर म्हणतात कशा, "मी काय विठोबा आहे का रे?" सगळेच थांबतात असं नाही हं. त्यामुळे गाडी खरंच थांबल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही, हा त्या मुलांचा नियम आहे.

आता पुढचं आई-बाबांना वाचून दाखवा. लायसन्स नसलेल्या मुलाच्या हाती स्कूटर देणारे पालक मला रोज दिसतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि "उशीर झालाय" म्हणून गाडी पळवणाऱ्यांसाठी एक छोटं गणित. ३ किलोमीटर जायला ३६ च्या वेगानं ५ मिनिटं लागतात, ५४ च्या वेगानं ३ मिनिटं २० सेकंद. वाचले १०० सेकंद. तेवढ्यात कपातला चहासुद्धा पिण्याजोगा होत नाही! रात्री जेवताना हे गणित त्यांच्यापुढे ठेवा, आणि उत्तर काय येतं ते मला कळवा.