बैलांच्या पाठीवरचे कोठार

कौंडण्यपूरला जाणारा माणूस रुक्मिणीच्या माहेरी जातो. तेथे लष्कराची आठवण सहसा कोणाला होत नाही. आम्हांलाही ती होण्याचे कारण नव्हते. वर्धेच्या पश्चिम तीरावर उभे राहून पलीकडची, आर्वीकडची शेते पाहत असता मात्र जुन्या तहातले एक कलम आठवले, आणि तेव्हापासून ही नदी आम्हांला निराळी दिसू लागली. १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगाव येथे झालेल्या तहाने नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडील मुलखावरचा हक्क सोडला. त्याआधी वऱ्हाडात दुअंमल होता. एकाच रानाच्या वसुलात निजामाचा आणि भोसल्यांचा असा दोघांचा वाटा असे. आता नदी ही सरहद्द झाली आणि रुक्मिणीचे माहेर सरहद्दीवरचे गाव ठरले.

सरहद्द म्हटली की फौज आली, आणि फौज म्हटली की तिचे पोट आले. इतिहासाची पुस्तके तोफांचे आवाज ऐकवतात, दाणागोट्याचा हिशेब मात्र क्वचितच सांगतात. वऱ्हाडच्या बाबतीत तरी खरी कथा त्या हिशेबातच दडलेली आहे, असे आम्हांस वाटते.

ज्या लढाईअखेर हा तह झाला तिचाच विचार करावा. आर्थर वेलस्लीने (पुढे वॉटर्लूमुळे गाजलेला वेलिंग्टन तो हाच) १२ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगरचा किल्ला घेतला. पुणे-मुंबईकडची वाट त्यामुळे सुरक्षित झाली आणि रसद साठवण्यास भक्कम ठिकाण मिळाले. पण तेथून पुढे २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव, असे युद्ध पूर्वेकडे सरकत गेले. नगरच्या तटबंदीतले कोठार काही पलटणीमागून चालत येणार नव्हते. चालत आले ते बैल.

हे बैल बहुतांशी लमाणांचे, म्हणजे बंजाऱ्यांचे. बंजारा हा सैन्याचा चाकर नव्हता, तो व्यापारी होता. धान्य विकत घ्यावे, गोण्यांत भरून बैलांच्या पाठीवर लादावे, आणि छावणीच्या बाजारात भाव पाहून विकावे, असा त्याचा व्यवहार. त्याला गाडीरस्ता लागत नसे. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडीचे चाक रुतते, तेथून लादलेला बैल पार होई. चाऱ्याचा खर्चही नसे, कारण जनावरे वाटेतच चरत. रात्री गोण्या रचून त्यांचीच भिंत उभी करायची आणि तिच्या आड बायकामुलांसह मुक्काम करायचा. तांड्याचा नाईक सांगेल तो मार्ग. सेनापतीला त्याचा शब्द झेलावा लागे, कारण तांडा रुसला तर पलटण उपाशी! दोन्ही बाजूंच्या फौजा त्यांना सांभाळून घेत, यात नवल ते काय?

५ डिसेंबरला इंग्रज फौजा अचलपुरास पोहोचल्या. अडगावच्या जखमींसाठी तेथे इस्पितळ उभारले गेले आणि ७ तारखेस दोन तुकड्या गाविलगडाकडे निघाल्या. स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरातून वाट फोडीत, जड तोफा व सामान बव्हंशी हातांनी ओढीत १२ तारखेस गडाची उत्तर बाजू गाठली. येथे बैलांचाही इलाज चालला नाही. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला.

एवढ्या फौजा जेथून जेथून गेल्या त्या मुलखाची दशा काय झाली असेल? १८०३-०४ साली दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. पाऊस तर नव्हताच. होते नव्हते ते लुटीत आणि रसदेत गेले. ज्या नगरच्या किल्ल्यात रसद साठवली होती, त्याच किल्ल्याच्या खंदकाच्या कामावर वेलस्लीने १८०४ मध्ये भुकेल्या माणसांना लावले. त्याच्या या कृतीचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण कोठाराच्या दाराशी भुकेली माणसे खंदक खणीत आहेत, हे चित्र मनातून जात नाही.

युद्ध संपले तरी पोट उरलेच. युद्धप्रसंगी निजामाने पुरवावयाची म्हणून कबूल केलेली फौज शांततेतही कायम राहिली. अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या नावाच्या या फौजेचे एक ठाणे अचलपूरलगत, आज ज्यास परतवाडा म्हणतात तेथे होते. तिचा पगार भागवण्यासाठी निजाम सरकारने हैदराबादच्या पामर कंपनीकडून जबर व्याजाने कर्ज काढले. ती कंपनी बुडाली, पण कर्जाची सवय सुटली नाही. कर्ज तुंबत गेले आणि २१ मे १८५३ रोजी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब इंग्रजांच्या हवाली झाले. १८६० मध्ये धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र राहिले. ज्या फौजेपायी वऱ्हाड गहाण पडले, तीच फौज १८५८ मध्ये ह्यू रोजच्या हाताखाली झाशीवर गेली. आमच्या कुणब्याने भरलेल्या साऱ्याचे काय काय झाले, हे त्याला कोणी सांगितले नसावे.

भिंती असलेले कोठार शोधणाऱ्यांस ते सापडते. पण पन्नास वर्षे एका पलटणीच्या खर्चाखाली ठेवलेला सबंध प्रांत हे केवढे कोठार!

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. लगोलग कंटिन्जंटचे वेगळे अस्तित्वही संपले. तिच्या पलटणी हिंदी सैन्यात मिसळल्या. मूर्तिजापूरहून अचलपूरची आगगाडी सुरू झाली ती १९१३ साली, म्हणजे छावणीची गरज सरल्यावर! आता त्या छोट्या रुळांवरूनही गाडी धावत नाही. परतवाड्यात ‘सदर बाजार’ हे छावणीतले नाव टिकून आहे; व्यापार मेळघाटातल्या सागवानाचा चालतो.

तांड्यांचा धंदा त्याआधीच बसला होता. १८६७ साली लोहमार्ग वऱ्हाडातून नागपुरास पोहोचला आणि गोणीचा बैल मागे पडला. पुष्कळ तांडे जेथे होते तेथे, विशेषतः पुसद-दिग्रसकडे, शेतीत स्थिरावले. पुसदजवळच्या गहुली गावी अशाच एका बंजारा घरात १९१३ साली वसंतराव नाईक जन्मले. पुढे ते मुख्यमंत्री झाले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लाखो माणसे रस्ते आणि तलाव खोदण्याच्या कामांवर गेली, तेव्हा राज्याचा कारभार त्यांच्याच हाती होता.