चिन्ह बदलते, मतदार तोच

गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या वाळपईत निवडणूक आली की पक्ष कुठला, हा प्रश्न बाहेरगावचा माणूस विचारतो. इथला माणूस विचारतो, खाशे काय म्हणतात? खाशे म्हणजे प्रतापसिंह राणे. 1972 साली ते महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षातर्फे निवडून आले, पुढे काँग्रेसमध्ये जाऊन मुख्यमंत्री झाले. सत्तरीने त्यांना पन्नास वर्षे विधानसभेत पाठवले. त्यांचे चिरंजीव विश्वजित वाळपईतून 2007 मध्ये अपक्ष, 2010 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे, 2017 च्या पोटनिवडणुकीत भाजपचे म्हणून जिंकले.

कोपरा बैठकीला त्याच खुर्च्या, तोच माइक, तोच कार्यकर्ता. गळ्यातला शेला तेवढा नवा. कुणाची सून यादीत नव्याने आली, कुणाचा मुलगा मतदानाला पुण्याहून येणार, हे त्याला तोंडपाठ. आजारपण असो, मुलाची नोकरी असो, ज्याचे दार वाजवता येते त्याला मत, हा इथला रोकडा हिशेब. त्याला अडाणीपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अमेरिकेत 1884 च्या अध्यक्षीय निवडणुकीत उलटे घडले होते. आपलाच उमेदवार ब्लेन स्वच्छ नाही म्हणून कित्येक रिपब्लिकन मंडळी पक्ष सोडून डेमोक्रॅट क्लीव्हलँडच्या मागे गेली. न्यूयॉर्क राज्याचा निकाल हजारभर मतांनी फिरला आणि क्लीव्हलँड अध्यक्ष झाले. तिथे मतदार हलला होता. आपल्याकडे नेता हलतो आणि मतदार जागेवर असतो.

वाळपईत निदान 2010 आणि 2017 च्या दोन्ही पक्षांतरांवेळी राजीनामा देऊन पुन्हा कौल घेतला गेला. 2022 च्या जानेवारीत गोव्यातल्या काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, क्रॉस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या. सप्टेंबरात निवडून आलेल्या अकरापैकी आठ आमदार भाजपवासी झाले. दोन-तृतीयांशांचे गणित जुळले की पक्षांतरबंदी कायदा आड येत नाही आणि मतदाराला कुणी विचारतही नाही.

पण हाच मतदार जागचा हललेलाही मी पाहिला आहे. 2021 च्या जानेवारीत सत्तरीतल्याच मेळावली गावच्या लोकांनी आयआयटीसाठी जमीन द्यायला नकार दिला, पोलिसांसमोर बायका-माणसे उभी राहिली. त्याच महिन्यात आमदार विश्वजितही प्रकल्प नको म्हणाले आणि सरकारने माघार घेतली. जमिनीसाठी नेत्याला आपल्या मागे यायला लावणाऱ्या गावाला मतासाठीही तसे करता येईल. आपली निष्ठा गृहीत धरली जाते तोवर पक्षांतर स्वस्तच राहणार. तिची किंमत वाढवणे मतदाराच्याच हातात आहे.