रणाच्या काठाकाठाने

महाराष्ट्रातून पाहुणे येणार असल्याचे पत्र अथवा फोन आला की, तिकडून पिढ्यान्‌पिढ्या दूर राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांपुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. त्यांना दाखवावे काय? बडोद्याच्या मंडळींस ही विवंचना नाही. लक्ष्मीविलास राजवाडा आणि सयाजीबाग एवढ्यावर दोन दिवस सुखाने निघतात. आमचे तसे नाही. पिढीजात घर बडोद्यास असले तरी सरकारी बदलीमुळे आमचे बिऱ्हाड भुजेस आहे. येथे येणारा पाहुणा नकाशावर कच्छच्या रणाचा पांढरा पट्टा पाहतो आणि विचारतो, “त्या ओसाडीत पाहायचे तरी काय?”

प्रश्न अज्ञानाचा आहे, पण अस्वाभाविक नाही. आपल्या मनातील वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या आणि उंटांची रांग. कच्छचे रण तसे नाही. फार पूर्वी हा समुद्राचाच एक हात होता. आजही नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की समुद्राचे पाणी या सखल प्रदेशात लोटले जाते, त्यात पावसाचे पाणी मिसळते, आणि चार महिने रणाचे उथळ सरोवर होते. पुढे ते पाणी आटते आणि मिठाचा थर मागे राहतो. वर्षातून एकदा बुडणारी आणि एकदा पांढरी होणारी ही भूमी पाहण्यास भुजेहून सकाळी निघून रात्री परतता येते, हे तिचे मोठेच सौजन्य होय.

गेल्या पौषात आमच्या थोरल्या आत्या आमच्याकडे आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. राहणे नरसोबाच्या वाडीजवळच्या एका गावी, कृष्णेच्या काठी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या घरात माळ्यापर्यंत पाणी चढले. २०२१ च्या जुलैत ते पुन्हा आले. पुण्यास असलेल्या त्यांच्या चिरंजीवांचे म्हणणे, घर विकून आईने आता पुण्यास यावे. आत्यांचे म्हणणे काहीच नव्हते, आणि तीच खरी अडचण होती. चिरंजीवांनी आम्हांस फोनवर सांगून ठेवले होते, “तुमचे ऐकेल ती. तेवढे मनावर घ्या.” तेव्हा सयाजीनगरी एक्सप्रेसमधून उतरलेल्या आत्यांच्या स्वागतास आम्ही गेलो ते हे ओझे खांद्यावर घेऊनच.

पहिल्या दिवशी काळो डुंगर ठरवला. डुंगर दाखवण्यामागे आमचा थोडा कावा होता, तो पुढे कळेलच. सकाळी साडेसहास निघालो. पाण्याचा मोठा कॅन, सौ. ने केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती. गाडीची टाकी भुजेसच भरून घ्यावी हे बरे. खावड्याच्या रस्त्याने काही अंतर गेल्यावर कर्कवृत्ताचा फलक लागतो. तीस वर्षे फळ्यावर खडूने ज्याची रेघ ओढली ते वृत्त येथे डांबरी रस्ता ओलांडून जाते! आम्ही उतरून दोन्ही बाजूंस एकेक पाय ठेवून उभे राहिलो. आत्या गाडीतूनच म्हणाल्या, “अरे, शाळा सुटली ना तुझी? चल पुढे.”

पुढे बन्नीचा गवताळ प्रदेश. आज तेथे गवतापेक्षा ‘गांडो बावळ’ अधिक दिसतो. रणाचा खारेपणा पुढे सरकू नये म्हणून १९६१ च्या सुमारास वनखात्याने ही परदेशी काटेरी बाभूळ येथे लावली, आणि तिने रणाऐवजी गवतच अडवले. तथापि बन्नीची म्हैस अद्याप तग धरून आहे. ही म्हैस रात्री चरावयास जाते आणि पहाटे आपली आपण घरी परतते. शिंगे आत वळलेली, अंग काळेभोर. भिरंडियाऱ्यास चहा आणि तेथील नामांकित मावा घेतला. म्हशी पाहून आत्यांची कळी प्रथमच खुलली. कोल्हापूरकडील माणूस म्हशीपुढे गप्प बसणे शक्यच नाही. दूध किती, वैरण कोणती, भाव काय, अशी चौकशी मराठी-गुजराती-कच्छीच्या खिचडीत अर्धा तास चालली आणि दोन्ही पक्षांस सर्व काही समजले.

काळो डुंगर सुमारे ४६० मीटर उंच, म्हणजे सह्याद्रीच्या हिशेबाने टेकाडच. पण कच्छमधील हेच सर्वोच्च शिखर. चढणीवर एके ठिकाणी बंद गाडी आपोआप वर चढते असे लोक सांगतात. तो निव्वळ दृष्टिभ्रम आहे, एवढे सांगून आम्ही पुढे जातो. माथ्यावर पोहोचले की उत्तरेस क्षितिजापर्यंत रण पसरलेले दिसते. कोठे मिठाची पांढरी साय, कोठे पाण्याची राखाडी झाक, आणि दोहोंची सीमा कोठे ते सांगता येत नाही. पलीकडे पाकिस्तानची हद्द. 

आणि येथे, या सीमेवरच्या डोंगरावर, दत्ताचे देऊळ आहे.

हाच आमचा कावा. आत्यांना आम्ही आधी सांगितले नव्हते. त्यांनी पाटी वाचली, चपला काढल्या आणि कोणाशी न बोलता आत गेल्या. येथील आख्यायिका अशी की, भ्रमण करीत आलेल्या दत्तात्रेयांस या डोंगरावर भुकेलेले कोल्हे दिसले. देण्यास जवळ काही नव्हते, तेव्हा त्यांनी स्वतःचे अंगच पुढे केले. ‘ले अंग’ हे त्यांचे शब्द. त्याचेच पुढे ‘लोंग’ झाले. आजही पुजारी भाताचा प्रसाद चौथऱ्यावर ठेवून ‘लोंग, लोंग’ अशी साद घालतात आणि रानातील कोल्हे खावयास येतात. आपल्याकडे दत्तापायी चार श्वान असतात. येथे त्यांची जागा कोल्ह्यांनी घेतली आहे.

दुपारी साद घातली गेली. बराच वेळ काही हालले नाही. पर्यटकांची एक तुकडी कंटाळून निघून गेली. आत्या कठड्यास धरून उन्हात उभ्याच होत्या. शेवटी झुडपातून एक कोल्हा आला, मागाहून दुसरा. खाल्ले न खाल्ले केले आणि परत गेले. आत्या म्हणाल्या, “वाडीत पाणी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात. पाणी उतरलं की पुन्हा खाली. देव काही गाव सोडत नाही.” चिरंजीवांचा निरोप आमच्या जिभेच्या टोकावर होता; तो तेथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी धोरडो. भिरंडियाऱ्याच्या नाक्यावर परवाना घ्यावा लागतो. छायाचित्र असलेले ओळखपत्र विसरू नये. २००५ पासून येथे रणोत्सव भरतो आणि तंबूंचे शहर वसते. त्या गर्दीविषयी आम्हांस विशेष प्रेम नाही. मात्र सूर्यास्तानंतर मैलभर आत चालत गेले आणि पौर्णिमेच्या आगेमागे चंद्र उगवला, तर खालचे मीठ आणि वरचे चांदणे एकच होऊन जाते. आत्यांनी वाकून चिमूटभर मीठ जिभेवर ठेवले आणि “कडवट आहे,” असा निकाल दिला.

एक दिवस विश्रांती देऊन धोळावीऱ्यास निघालो. पूर्वी यासाठी रापरवरून मोठा वळसा घ्यावा लागे. आता खावड्याहून थेट रणातून सुमारे तीस किलोमीटरांचा रस्ता झाला आहे. रेषेसारखा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंस मीठ आणि पाणी, आणि सावलीस एक झाड नाही. दूर पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा गुलाबी रेघेसारखा दिसला. रस्ता सुंदर आहे यात शंका नाही. वाटेत गाडी आडवी लावून छायाचित्रे काढणाऱ्यांची संख्या मात्र पक्ष्यांपेक्षा जास्त होती.

खडीर बेटावरील हे हडप्पाकालीन नगर जगत्पती जोशी यांनी १९६७-६८ मध्ये उजेडात आणले. १९९० पासून रवींद्रसिंह बिश्त यांनी उत्खनन केले आणि २०२१ मध्ये ते जागतिक वारसास्थळ ठरले. उत्तर दरवाजाजवळ दहा मोठ्या चिन्हांचा फलक सापडला, तो अद्याप कोणास वाचता आलेला नाही. पाहुण्यांस मात्र आम्ही प्रथम हौद दाखवतो. मनसर आणि मनहर हे दोन पावसाळी ओढे. एक नगराच्या उत्तरेस, एक दक्षिणेस. एरवी कोरडे. त्यांना बांध घालून पाणी वळवले आणि तटाच्या आत एकामागून एक हौदांत साठवले. पूर्वेकडील मोठा हौद सुमारे ७३ मीटर लांब आणि २९ मीटर रुंद आहे. किल्ल्यावरचे पावसाचे पाणीसुद्धा दगडी नाल्यांतून वाया न जाता खाली उतरत असे. पाऊस बेभरवशाचा, भोवती खारट रण, आणि तरी माणसे येथे हजार-दीड हजार वर्षे नांदली.

आत्या हौदाच्या पायऱ्यांवर बसल्या. “आमच्याकडे पाणी घालवायचं कुठं हा प्रश्न, आणि यांना धरायचं कुठं हा,” एवढेच म्हणाल्या. मग विचारले, “मग गेले का सोडून?” हवामान कोरडे होत गेले, व्यापार मंदावला, असे अभ्यासक मानतात, हे आम्ही सांगितले. “एकदम गेले?” नाही, हळूहळू, शेवटी साध्या गोल झोपड्यांची वस्ती उरली होती. आत्यांनी मान हलवली.

शेवटचा दिवस लखपतचा. भुजेहून वायव्येस, जाऊन-येऊन अडीचशेहून अधिक किलोमीटरांवर. हे स्थळ पाहुण्यांच्या यादीत सहसा नसते, पण आमचे ते फार आवडते. १८०१ मध्ये जमादार फतेह मुहम्मद याने येथील तट बांधला. सिंधूच्या फाट्याचे पाणी तेव्हा येथवर येई, भात पिके आणि बंदर गजबजलेले असे. १६ जून १८१९ रोजी भूकंप झाला. सिंद्रीचा किल्ला पाण्याखाली गेला आणि त्याच्या उत्तरेस जमिनीचा लांबच लांब बांध वर उचलला गेला. लोकांनी त्यास ‘अल्लाबंध’ म्हटले. गोडे पाणी अडले, आणि लखपत ओस पडत गेले. आज किलोमीटरगणिक तट उभा आहे, आत मोजकी घरे, एक गुरुद्वारा आणि घौस मुहम्मदची काळ्या दगडाची अर्धवट राहिलेली कबर. तटावर चढले की समोर फक्त क्षितिज.

तेथे शेळ्या राखणारे एक वृद्ध भेटले. आत्यांनी त्यांना विचारले, मुले कोठे असतात? “एक भुजेस, एक मुंबईस.” मग तुम्ही? “हूं तो अहींनो,” ते म्हणाले, म्हणजे, मी तर इथला. त्यांना त्यात सांगण्यासारखे काही वाटले नसावे, कारण लगेच ते शेळीमागे गेले.

परतीच्या वाटेवर आत्यांनी आमचा फोन मागून घेतला आणि चिरंजीवांस लावला. घर विकायचे नाही. माळ्याच्या जागी पक्की खोली काढायची, तिला बाहेरून जिना, आणि जिन्याची पहिली पायरी पुराच्या खुणेच्या वर नको, खालीच हवी, म्हणजे होडी तिला लागेल. पाऊस पडू लागला की आषाढ-श्रावण पुण्यास राहीन, भाद्रपदात परत. पलीकडून बराच वेळ बोलणे चालले. शेवटी आत्या म्हणाल्या, “हो, तो काही म्हणाला नाही मला. त्यानं डोंगर दाखवले फक्त,” आणि फोन आमच्या हाती दिला. चिरंजीव आमच्याशी फारसे बोलले नाहीत.

माघात गुरुप्रतिपदेच्या आधी दोन दिवस आत्या वाडीस पोहोचल्या. जिन्याचे काम चैत्रात सुरू झाले.