बाळ आळशी नसतं

संपादकांनी 'एका शब्दाची जन्मकथा' मागितली आणि मला 'लेथार्जी'खेरीज दुसरा शब्द सुचेना. गेल्या पावसाळ्यात एक माहितीपत्रक माझ्याकडे तपासायला आलं. तान्ह्या बाळाच्या धोक्याच्या लक्षणांत, 'झटके येणे' याच्या खालच्याच ओळीत इंग्रजी 'लेथार्जी'साठी छापलं होतं : 'आळस'. प्रती तोवर वाटून झाल्या होत्या. ते वाचून एखाद्या आईने 'जरा झोपाळूच आहे' म्हणत रात्र काढली असेल का, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

शब्द ग्रीक. 'लेथे' म्हणजे विस्मरण. ग्रीक पुराणांत याच नावाची पाताळातली नदी आहे, तिचं पाणी प्यायलं की मृतांना मागचं काही आठवत नाही. पुढचा तुकडा 'आर्गोस'. सगळा घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 'अ' नकाराचा, आपल्या 'अशक्त'मधला असतो तसा; 'एर्गोन' म्हणजे काम. दोन्ही मिळून 'आर्गोस', काम न करणारा. रॅली आणि रॅम्झी यांना १८९४ मध्ये हवेत एक वायू सापडला. तो कशाशीच संयोग पावेना, म्हणून त्याचं नाव याच शब्दावरून 'आर्गॉन' ठेवलं. आता, आर्गॉनची इलेक्ट्रॉनांची बाहेरची कक्षा भरलेली असते म्हणून तो निष्क्रिय; त्यात आळस कुठे आला? न करणं वेगळं आणि करता न येणं वेगळं. भाषांतर करणारे नेमके 'काम न करणारा'पाशी थांबतात आणि 'आळशी' लिहून मोकळे होतात.

ग्रीक वैद्य तापातल्या गुंगीच्या रोगाला 'लेथार्गोस' म्हणत. चौदाव्या शतकात शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. बोलण्यात तो पुढे साध्या कंटाळ्यालाही लागू लागला. डॉक्टरांच्या तोंडी मात्र तो आजाराचाच राहिला. व्हिएन्नात १९१७ मध्ये फॉन इकोनोमो यांनी मेंदूच्या दाहाचा जो आजार वर्णन केला, त्याचं नावच 'एन्सेफलायटिस लेथार्जिका'. त्या रुग्णांना आळशी म्हणायचं का?

मराठीत नेमका शब्दच नाही, असं मला नेहमी ऐकवलं जातं. तीस वर्षं वैद्यकीय मजकूर मराठीत आणतोय, हे ऐकलं की वाईट वाटतं. कोणत्याही आजीला विचारा : 'पोर मलूल पडलंय', 'ग्लानीत आहे', 'मान टाकली'. मलूल अरबीतून आलेला, ग्लानी संस्कृतातली. दोन्ही घरचेच झालेत. आणि आळस झटकता येतो. ग्लानी कोणी झटकली आहे?

पुढच्या छपाईसाठी मी लिहून दिलं आहे : 'बाळ मलूल पडणे, हलवूनही नीट जागे न होणे'. तुमच्या घरातलं तान्हं असं पडून राहिलं, अंगावर ओढेनासं झालं, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच पावली दवाखाना गाठा.