नोंद ठेवली कुणी?

पुण्याच्या प्लेगवर प्रकल्प घेतलेला विद्यार्थी कॉलेजच्या ग्रंथालयात येतो, तेव्हा प्लेग अधिकारी रँड, त्याला मारणारे चाफेकर बंधू आणि २२ जून १८९७ ही तारीख त्याच्या मोबाइलमध्ये आधीच असते. पुढे काय शोधायचं, इथे गाडी अडलेली असते.

संदर्भ विभागातल्या बाई त्याच्या हातात लगेच पुस्तक ठेवत नाहीत. त्या विचारतात, "त्या वेळी या साथीची नोंद ठेवणं कुणाला भाग होतं, सांग बरं?"

पहिलं उत्तर बहुतेकांना येतं: सरकारला. १८९७ साली साथरोग कायदा झाला, घरोघर झडत्या झाल्या, माणसं छावण्यांत हलवली गेली. एवढा कारभार म्हणजे अहवालही तेवढेच. त्या काळच्या प्लेगचे कितीतरी सरकारी अहवाल नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने स्कॅन करून सगळ्यांना खुले केले आहेत. मात्र शोधताना पुण्याचं आजचं इंग्रजी स्पेलिंग घातलं, तर हात हलवत परत यायची पाळी येते. तिथे जुनं 'पूना'च चालतं.

पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर १८८५चं. साथीच्या आधीचं, म्हणून मुलं ते बाजूला सारतात. बाई त्याचा तिसरा भाग मुद्दाम उघडतात. पेठा, घरं, पाणी, गटारं... प्लेग शिरला ते शहर कसं होतं, ते तिथे सापडतं.

दुसरं उत्तर वर्तमानपत्रांचं. इथे बाई कॅलेंडर काढायला लावतात. 'केसरी' तेव्हा साप्ताहिक होता आणि मंगळवारी निघायचा. रँडवर गोळी झाडली गेली ती मंगळवारी रात्री. म्हणजे २२ जूनचा अंक चाळून उपयोग नाही, २९ जूनचा मागवायचा. शिवाय देशी पत्रांत काय छापून येतं, यावर सरकारची नजर होतीच. त्यांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला तयार व्हायचा. मूळ अंक आणि गोषवारा शेजारी ठेवले, की सरकारला काय खुपत होतं तेही कळतं.

पण घरात काय चाललं होतं? ते ना अहवालात, ना अग्रलेखात. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या; पण साथीत गेलेली कितीतरी माणसं कुठल्याच कागदावर नावानिशी उरली नाहीत. मग आत्मचरित्रांकडे वळायचं. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त नगरकडचा प्लेग आहे, पुण्याचा नव्हे. पण छावणीतलं जगणं बाईच्या नजरेतून वाचायला मिळतं. जुन्या मराठी पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आहे, तीही विषयवार.

शोधगंगेवर याच विषयाचा प्रबंध सापडला, की काम झालं असं मुलांना वाटतं. बाई म्हणतात, "आधी शेवटची पानं काढ." संदर्भसूचीतला खंड क्रमांक, वर्ष, सरकारी खातं वहीत उतरवून झाल्याशिवाय त्या मुंबईच्या पुराभिलेखागारात कुणाला धाडत नाहीत. 'प्लेगचं सगळं द्या' म्हटल्यावर तिथला माणूस तरी कुठली फाइल काढणार?

एव्हाना प्रकल्पाचं नावही बदललेलं असतं. 'पुण्यातील प्लेग' खोडून तिथे लिहिलेलं असतं: 'एका पेठेतील झडत्या, मार्च ते मे १८९७'.