आहुप्याची राई

आहुप्याला लोक कोकणकडा बघायला येतात. मला कड्यांचं वेड कधीच नव्हतं. गोरखगड, मच्छिंद्रगड कड्यावरूनच पाच मिनिटांत पाहून झाले. मी आले होते भैरवनाथाच्या देवराईसाठी. मुलं लांब गेल्यावर घरात दोघंच उरलो, दोघांपुरता कुकर लावायची सवय होईना, तेव्हा हेच म्हणाले, कुठंतरी जाऊ.

एका अंगणात बाळहिरडा वाळत पडला होता. कडेचा हिरवा, मधला सुकून काळा, सुरकुतलेला. तो उलथणाऱ्या मावशींनी आम्हाला जेवायलाच बसवलं. नाचणीची भाकरी, उडदाचं घुटं, ठेचा. इतकं चवीचं जेवण घरी कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

"लेकरं किती, बाई?"

"दोन. दोघंही लांब."

"माजी बी. एक भोसरीला, एक मंचरला. पयल्या वर्षी भाकरी किती थापायच्या, त्ये हाताला कळतच नव्हतं."

माझा घास तोंडातच राहिला.

मग त्याच आम्हाला राईत घेऊन गेल्या. हद्दीवर चपला काढल्या. आत भर उन्हाळ्यात पायाखाली गार, ओलसर पाचोळा. मांडीएवढ्या जाड वेली झाडांवर चढलेल्या. एक प्रचंड खोड आडवं पडून कुजत होतं, त्याच्या ढलप्यांतून कोवळी रोपं वर आली होती. मावशींची चूल मात्र लांबून आणलेल्या मोळीवर पेटते.

"हे पडलेलं तरी न्यायचं ना?"

"पडलं तरी द्येवाचंच."

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तो देवाच्या याच धाकाने राखलेल्या रानांचा. भोवतालचं जंगल तुटलं तरी राईतली जुनी झाडं, वेली, झरे राहिले. तिथं कुंपण नव्हतं. गावाची नजर होती.

ती नजर आता म्हातारी होते आहे. "पोरं जत्रंला येत्यात, पाया पडत्यात," मावशी म्हणाल्या, "पन हद्द कुठनं कुठवर, त्ये इचारीत न्हाईत." पोरं परत यावीत असा हट्ट त्यांनी धरला नाही. ही एक गोष्ट त्यांनी विचारावी, एवढंच त्यांना हवं होतं. मलाही ते पटलं.

दिवाळीला आमची मुलं येतील तेव्हा त्यांना आहुप्याला नेणार आहे. तुमच्याही गावाजवळ एखादी राई असेल. मुलं सुट्टीला आली की गावातल्या जुन्या माणसाला सोबत घ्या आणि तिची हद्द त्यांना पायी चालून दाखवा.